ऊसतोडीच्या कोप्यांवर आणि दुर्गम पाड्यांवर पोलिओ लसीकरण कसे करावे

पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात १३ जानेवारी २०११ रोजी एका लहान मुलीला लुळेपणा आला. जंगली (निसर्गात आपोआप पसरणाऱ्या) पोलिओ विषाणूची ती भारतातील शेवटची रुग्ण ठरली आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेचा संपूर्ण दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. त्यामुळे ‘रोग गेला, तरी तुम्ही अजून थेंब घेऊन का फिरता?’ हा प्रश्न कोपीवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या पाचटाच्या झोपडीवर, हमखास ऐकू येतो. तो योग्यच आहे, आणि उत्तर तोंडपाठ नसेल तर पथकाने घराबाहेर पडू नये. पोलिओची लागण झालेल्या सुमारे २०० मुलांपैकी एकालाच लुळेपणा येतो. बाकीच्यांच्या आतड्यात विषाणू वाढतो, विष्ठेतून बाहेर पडतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात जंगली विषाणू अजून फिरतो आहे. शिवाय ज्या वस्तीत फार थोड्या मुलांना लस मिळते, तेथे तोंडावाटे दिलेल्या लसीतला निर्बल विषाणूच मुलामुलांतून पसरत जाऊन कालांतराने पुन्हा घातक होऊ शकतो. लसीपासून उद्भवलेल्या विषाणूचा रुग्ण मेघालयातील पश्चिम गारो हिल्स जिल्ह्यात २०२४ मध्येच आढळला. महाराष्ट्रापुरते सांगायचे, तर २०१० साली देशात ४२ रुग्ण होते आणि त्यांपैकी पाच आपल्या राज्यातले होते.

हा लेख आरोग्य सेविका, आरोग्य सेवक, आशा, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि फेरीच्या कामाला हातभार लावणारे स्वयंसेवक यांच्यासाठी आहे. ‘दुर्गम’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डोंगर आणि नदी येते. महाराष्ट्रात सुटलेली मुले शोधायला निघालो, तर ती अनेकदा डांबरी रस्त्यापासून अर्ध्या किलोमीटरवर, कारखान्याच्या धुराड्याखाली सापडतात. ती कोणाच्याच यादीत नसतात, म्हणून दुर्गम असतात. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा यादीला दिली आहे. थेंब पाजण्याचे कौशल्य एका दिवसात शिकता येते.

यादी कशी करावी

पल्स पोलिओची राष्ट्रीय फेरी बहुतेक वर्षी जानेवारी ते मार्च या काळात येते, आणि ऊसतोडीचा हंगाम साधारण दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी किंवा पाथर्डी तालुक्यातले मूल फेरीच्या रविवारी सांगली, कोल्हापूर, सोलापूरच्या एखाद्या उसाच्या फडात, नाहीतर सीमेपलीकडे बेळगावकडे असते. त्याच्या गावच्या आशाच्या यादीत नावापुढे ‘बाहेरगावी’ अशी नोंद होते. ज्या शिवारात ते झोळीत झोपलेले असते, तेथील आशाच्या यादीत त्याचे नावच नसते. दोन्ही कागद खरे असतात आणि मूल मात्र दोन्हीकडून सुटते.

ही फट दोन्ही टोकांनी बुजवावी लागते. पहिले टोक मूळ गावचे. टोळ्या साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात, त्यापूर्वी आशाने आणि आरोग्य सेविकेने मिळून प्रत्येक जाणाऱ्या कुटुंबाची नोंद करावी: आई-वडिलांचे नाव, पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्री असल्यास तिचा प्रसूतीचा अंदाजे महिना, टोळी नेणाऱ्या मुकादमाचे नाव व फोन, कारखान्याचे नाव. ऊसतोड कामगारांच्या ओळखपत्रासाठी ग्रामपंचायतीत झालेली नोंद ग्रामसेवकाकडे असेल, तर ती या यादीशी पडताळून घ्यावी. याच वेळी मुलांच्या राहिलेल्या मात्रा द्याव्यात, कारण पुढचे पाच-सहा महिने ते मूल कोणत्या आरोग्य केंद्राच्या हद्दीत असेल हे मुकादमालाही नक्की माहीत नसते.

दुसरे टोक कारखान्याचे, आणि कामाची खरी किल्ली तेथेच आहे. प्रत्येक कारखान्याच्या शेतकी विभागाकडे करार झालेल्या टोळ्यांची यादी असते, कारण उचल (आगाऊ रक्कम) तिथूनच दिली गेलेली असते. वैद्यकीय अधिकाऱ्याने हंगाम सुरू झाल्यावर मुख्य शेतकी अधिकाऱ्याला स्वतः जाऊन भेटावे. पत्र पाठवून थांबू नये, पत्र फाइलला लागते. त्या यादीत टोळीचे कोयते लिहिलेले असतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी, त्यामुळे मुलांचा पहिला ढोबळ अंदाज तेथेच बांधता येतो. मात्र मुकादमाला ‘मुले किती?’ असे विचारून मिळालेला आकडा वहीत पक्का करू नये. मुकादम कोयते मोजतो, बैल मोजतो, पोरे मोजण्याचे त्याला कारण पडत नाही. मुलांची मोजणी कोपीवर जाऊन बायकांकडूनच करावी.

टोळी कोणत्या प्रकारची आहे यावर पुढचे सगळे नियोजन अवलंबून असते. टायर बैलगाडीवाल्यांचे तळ कारखान्याच्या आसपास पडतात आणि हंगामभर बहुधा हलत नाहीत. तेथे एकाच जागी पुष्कळ कोप्या असतात, घरक्रमांक टाकता येतात आणि काम गावासारखेच चालते. डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक-ट्रॅक्टर भरणाऱ्या टोळ्या मात्र ऊस संपेल तशा एका गावाहून दुसऱ्या गावी सरकतात, आणि पाच-सात कोप्यांचा तळ आज ओढ्याकाठी असेल तर पुढच्या आठवड्यात तेथे फक्त चुलीची राख सापडते. अशा टोळ्यांचा ठावठिकाणा ज्याला नेमका माहीत असतो तो माणूस म्हणजे चिटबॉय, कारखान्याचा तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कर्मचारी. कोणत्या शेतकऱ्याचा ऊस आज तुटतो आणि उद्या कोणत्या शिवारात तोड आहे, हे त्याच्या वहीत असते. फेरीच्या दोन दिवस आधी प्रत्येक गटातल्या चिटबॉयला फोन करून यादी ताजी करून घ्यावी. हे एक काम चुकले तर बाकीची सगळी मेहनत मागच्या आठवड्याच्या पत्त्यावर जाते.

तरीही काही टोळ्या निसटतात, विशेषतः गुऱ्हाळांसाठी तोड करणाऱ्या, ज्यांची नोंद कोणत्याच कारखान्यात नसते. त्यांच्यासाठी गावातल्या पिठाच्या गिरणीत, किराणा दुकानात आणि पोलीस पाटलाकडे विचारावे. दळण आणि तेल-मीठ घ्यायला प्रत्येक टोळीतील कोणीतरी गावात येतेच, आणि नवीन माणसे आली की गिरणीवाल्याला ते आधी कळते.

दिवसाची कोणती वेळ निवडावी

सूक्ष्म कृती नियोजनाच्या तक्त्यात पथकाची वेळ सकाळी आठ ते दुपारी दोन अशी टाकलेली असते. कोप्यांवर ही वेळ निरुपयोगी ठरते. तोडणारी जोडपी पहाटेच, पुष्कळदा अंधार असतानाच, फडाकडे निघतात. तान्हे मूल आईबरोबर जाते, आणि कोपीवर उरते ती आठ-दहा वर्षांची बहीण आणि तिच्या कडेवरचे एखादे भावंड. आठ वाजता कोपीवर गेलेले पथक दोन मुलांना थेंब देते, बाकीच्या कोप्या ‘बंद’ लिहिते आणि परत येते. बंद व्हायला कोपीला दार असतेच कुठे!

म्हणून दोन वेळा ठेवाव्यात. सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान थेट फडात जावे. बांधावर सावलीला झोळ्या बांधलेल्या असतात, आणि आईला काम सोडून यावे लागत नाही. सेविकेने झोळीपर्यंत जायचे, आईला हाक मारायची, ती आली की थेंब द्यायचे, पाच मिनिटांत काम होते. फडात जाताना चिटबॉय किंवा मुकादम बरोबर असावा. ऊस पेटवून तोडत असतील तर त्या बाजूला जाऊ नये आणि चालू वाहनाच्या मागून चालू नये, इतके भान ठेवले तरी पुरे. दुसरी वेळ संध्याकाळी सहानंतरची, कोपीवरची. बैलांना वैरण घालून बायका चुलीपाशी बसलेल्या असतात आणि सगळी मुले एका जागी सापडतात. यासाठी पथकाच्या कामाचे तास बदलून घ्यावे लागतात, स्त्री कर्मचाऱ्यांसाठी वाहन आणि सोबत ठेवावी लागते, आणि याची लेखी मंजुरी तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडून आधीच घ्यावी. ऐनवेळी ‘सायंकाळी थांबा’ असे तोंडी सांगून कर्मचाऱ्यांना अडकवणे अन्यायाचे आहे, आणि तसे केलेले काम कागदावरच राहते.

पथक आणि पिशवी

दोन जणांचे पथक पुरते, पण त्यातील एक स्त्री असलीच पाहिजे आणि एकाला तरी मराठवाड्याकडची बोली कानाला परकी नसावी. लस वाहक पेटीत चार आइसपॅक, प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत लसीच्या कुप्या आणि त्यांचे ड्रॉपर, शिवाय बोटावर खूण करायचे दोन मार्कर घ्यावेत, कारण उघडा राहिलेला मार्कर दुपारपर्यंत सुकतो. टॅली शीट (थेंब दिलेल्या मुलांच्या मोजणीचा कागद), खडू, संध्याकाळसाठी बॅटरी आणि संदर्भ चिठ्ठ्या या गोष्टी पेटीबाहेरच्या पिशवीत असाव्यात. लसीच्या पेटीत डबा किंवा पाण्याची बाटली ठेवू नये; उन्हात ही सवय लवकर लागते.

तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लसीला गोठण्याची भीती नसते, तिचा शत्रू उष्णता आहे. इंजेक्शनची पोलिओ लस किंवा पेंटाव्हॅलंट (पाच रोगांविरुद्धची एकत्रित लस) मात्र गोठली की वाया जाते, म्हणून या लसीही त्याच फेरीत बरोबर नेणार असाल तर आइसपॅक बर्फखणातून काढून, आतले पाणी हलवल्यावर वाजू लागेपर्यंत बाहेर ठेवूनच पेटीत भरावेत. उष्णता किती लागली हे कुपीवरील व्हीव्हीएम, म्हणजे उष्णतेने रंग बदलणारी खूण, सांगते. गोलाच्या आतला चौकोन गोलापेक्षा फिका असेल तोवर लस वापरण्यायोग्य असते. चौकोनाचा रंग गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला की ती कुपी बाजूला काढावी. हे केवळ केंद्रातून निघताना पाहून चालत नाही, प्रत्येक नवी कुपी उघडताना पाहावे. वापरातली कुपी हातात धरून कोपीकोपीने फिरू नये, दोन मुलांच्या मध्ये ती पुन्हा पेटीत गेली पाहिजे.

कुपीवरचे नाव वाचणे ही बाब सांगायची गरज वाटू नये, पण आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात स्वच्छ करण्याचे सॅनिटायझर पाजले गेले आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे, की सॅनिटायझर, जंतुनाशक किंवा दुसरी कोणतीही बाटली लसीच्या टेबलावर असताच कामा नये. ती खिशात किंवा वेगळ्या पिशवीत असावी, आणि पथकातील एकाने कुपीचे नाव मोठ्याने वाचल्याशिवाय दुसऱ्याने ती उघडू नये.

कोपीवर गेल्यावर

आधी मुकादमाला किंवा तळावरच्या वयस्क माणसाला भेटावे, पण बोलणे आईशी करावे. पहिले वाक्य ‘मुलं दाखवा’ असे असू नये. ‘ताई, कुठल्या गावच्या? दिवाळीला निघालात का?’ एवढे विचारले तरी पुढचे सोपे जाते. मुलांची विचारणा करताना प्रश्न तोडून करावा. ‘पाच वर्षांखालची किती?’ असे विचारले की आई चालणारी-बोलणारी मुले सांगते आणि आठ दिवसांचे बाळ राहून जाते. म्हणून आधी ‘बाळंतीण कोणी आहे का?’, मग ‘अंगावर पिणारे कोण?’, मग ‘पाहुणे म्हणून आलेली, बहिणीची, नणंदेची पोरं आहेत का?’ आणि शेवटी ‘आत झोपलेलं कोणी?’ असे क्रमाने विचारावे. शेजारच्या कोपीबद्दलही विचारावे. एक कोपी दुसरीची खरी माहिती देते.

बाळ आईच्या मांडीवर असावे, डोके किंचित मागे. दोन्ही गाल अलगद दाबले की तोंड उघडते. ड्रॉपर तिरपा धरून, जिभेला किंवा ओठांना न लावता दोन थेंब जिभेवर टाकावेत. मुलाने थुंकले तर पुन्हा द्यावेत. थेंब आधी आणि खूण नंतर, हा क्रम कधीही उलटा करू नये, कारण खूण करून घेऊन पळालेले पोर पुढच्या पथकाला लस मिळालेले दिसते. डाव्या हाताच्या करंगळीवर, नख आणि त्यालगतची कातडी दोन्हींवर येईल अशी खूण करावी आणि शाई सुकेपर्यंत बोट धरून ठेवावे, कारण ही बोटे लगेच मातीत जातात.

सर्दी, साधा ताप, जुलाब असले तरी थेंब देता येतात. मूल फारच मलूल असेल, काही पीत नसेल किंवा झटके येत असतील, तर आधी त्याला दवाखान्यात पोचवण्याची व्यवस्था करावी. नुकतेच जन्मलेले मूलही चालते. थेंबांआधी किंवा नंतर अंगावर पाजायला हरकत नाही. वयाबद्दल शंका असेल, आईला जन्माचा महिना सांगता येत नसेल, तर वाद न घालता थेंब द्यावेत, कारण एक जादा मात्रा गेल्याने अपाय होत नाही.

‘परवाच पाजलंय’

कोपीवर सरळ ‘नाही’ म्हणणारी आई क्वचित भेटते. नकार वेगळ्या शब्दांत येतो, आणि त्या शब्दांमागचे कारण ओळखता आले पाहिजे.

‘परवाच पाजलंय’ असे सांगितले, तर बोट पाहावे. खूण नसेल तर रागावू नये. आईला बस स्थानकावरचे किंवा मागच्या वर्षीचे थेंब आठवत असतात. ‘आतड्यात ताकद वाढायला हे थेंब पुन्हा पुन्हा द्यावे लागतात, तेव्हाचे वाया गेले नाहीत, हे त्यांच्यावर आणखी’ असे सांगावे.

‘ताप येईल’ या वाक्यामागे मात्र पैशाची गोष्ट असते, आणि बहुतेक माहितीपत्रके तिला हात लावत नाहीत. मूल तापले तर आई फडावर जाऊ शकत नाही, खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पेंटाव्हॅलंटच्या इंजेक्शननंतर आलेला ताप तिने पाहिलेला असतो, त्यामुळे तिची भीती काल्पनिक नाही. येथे खरे बोलावे: ‘मावशी, ताप यायचा तो इंजेक्शनाचा, या थेंबांनी सहसा येत नाही. इंजेक्शन आज देणार नाही. ज्या दिवशी तुमच्या टोळीला तोड नसेल त्या दिवशी येतो, आणि तापाचं औषधही बरोबर देतो.’ मग तो दिवस मुकादमाकडून लिहून घ्यावा आणि पाळावा. एकदा शब्द पाळला की पुढच्या फेरीला त्या तळावर समजावण्याची गरज उरत नाही.

‘मालकांना विचारून सांगते’ हे तिसरे वाक्य. नवरा फडावर असेल तर तेथे जाऊन विचारावे, नाहीतर मुकादमाने त्याला फोन लावावा. मुकादमाने दटावून मूल पुढे ओढणे मात्र थांबवावे. ती टोळी त्याच्या उचलीखाली दबलेली असते, आणि आपली लसही त्याच दबावाचा भाग झाली तर पुढच्या वेळी मुले उसात लपवली जातात.

खुणा, टॅली आणि तपासणी

गावात घराच्या भिंतीवर खडूने खूण करतात: सर्व मुलांना थेंब मिळाले किंवा पात्र मूलच नाही, तर ‘पी’, एखादे राहिले तर ‘एक्स’. कोपीला भिंत नसते, पाचट आणि प्लॅस्टिकवर खडू उठत नाही. म्हणून तळाचा छोटा नकाशा काढून कोप्यांना ओळीने क्रमांक द्यावेत आणि खूण नकाशावरच करावी. नकाशाच्या डोक्यावर गाव, शेतकऱ्याचे शिवार, मुकादम, टोळीचा प्रकार आणि ‘येथून पुढे कोठे जाणार’ हे लिहावे. राहिलेल्या मुलाचे कारण वेगवेगळे लिहिणे आवश्यक आहे. फडावर गेलेले, गावी पाठवलेले, आजारी आणि नकार या चार गोष्टींवर चार वेगळे उपाय आहेत, आणि चौघांनाही ‘गैरहजर’ लिहिले की एकही उपाय होत नाही. ग्रामीण भागात बूथच्या दिवसानंतर तीन दिवस आणि शहरी भागात पाच दिवस गृहभेटी असतात. फिरत्या टोळ्यांचे ‘एक्स’ पहिल्याच संध्याकाळी भरून काढावेत, तिसऱ्या दिवसापर्यंत तळ हललेला असतो.

पर्यवेक्षकाने टॅली शीट वाचून समाधान मानू नये. एका कुपीत २० मात्रा असतात आणि काही थेंब सांडतातच. प्रत्येक कुपीमागे बरोबर २० मुले दाखवणारी शीट मला नेहमी संशयास्पद वाटते. आठवडी बाजारात किंवा कारखान्याच्या गव्हाणीजवळ (जेथे आलेला ऊस गाळपासाठी टाकतात) उभे राहून समोर येईल त्या दहा मुलांची करंगळी पाहावी. आईला ‘थेंब दिले का?’ असे विचारू नये, ती हो म्हणते. ज्याच्या बोटावर खूण नाही, त्या मुलाचा तळ विचारावा, कारण एक मूल सुटले असेल तर बहुधा संपूर्ण तळच सुटलेला असतो.

वीटभट्ट्या

पालघर, ठाणे आणि रायगडकडे कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भट्टी जागा सोडत नाही, त्यामुळे यादी एकदा नीट केली की हंगामभर पुरते. अडचण वेगळीच असते: मालक मजुरांचा आकडा कमी सांगतो, कारण मोजणारा माणूस कामगार कार्यालयाचा असेल अशी त्याला धास्ती वाटते. आपण फक्त मुलांची नावे लिहितो, मजुरीबद्दल काही विचारत नाही, हे आधीच स्पष्ट करावे, आणि वही उघडी ठेवूनच लिहावे.

सातपुड्यातले आणि नदीपलीकडचे पाडे

येथे अंतराचा प्रश्न खराच असतो. नंदुरबारमधील धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत एका गावाचे पाडे डोंगराच्या सोंडांवर विखुरलेले असतात, आणि सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठच्या वस्त्यांवर बोटीनेच पोचता येते. सकाळी निघून संध्याकाळी परतणारे पथक शेवटच्या पाड्याआधीच मागे फिरते, हा सर्वत्रचा अनुभव आहे. बिहारमध्ये कोसी नदीच्या पूरक्षेत्रात हीच अडचण होती. तेथे पथके आणि पर्यवेक्षक वस्तीच्या जवळच मुक्कामी राहतील अशी सोय उभी केल्यानंतर काम हलले. आपल्याकडेही मुक्कामाचे नियोजन करावे. जेथवर गाडी जाते तेथपर्यंत लस मोठ्या शीतपेटीतून न्यावी, तेथून रोज सकाळी वाहक पेटी भरून चालत निघावे आणि रात्री आश्रमशाळेत, अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात थांबावे. आरोग्य खात्याच्या फिरत्या भरारी पथकाचे वाहन व डॉक्टर त्याच मार्गावर येणार असतील, तर दोन्ही वेळापत्रके जुळवून घ्यावीत. लसीकरणाबरोबर खोकल्या-तापाचे औषध मिळाले की पाड्यावरची माणसे स्वतःहून मुले घेऊन येतात.

सातपुड्यातील पुष्कळ कुटुंबे हंगामात दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात, पण होळीला घरी येतात. होळीआधीच्या आठवड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात, आणि एरवी आठ दिवस चालून जेवढी मुले भेटणार नाहीत तेवढी एका बाजारात दिसतात. फेरीची तारीख काहीही असो, धडगावसारख्या बाजारात त्या दिवशी पथक उभे करावे. बोलणाऱ्याला पावरी किंवा भिलोरी यायला हवी. पाड्याचा कारभारी, पोलीस पाटील आणि भगत यांना आदल्या दिवशी निरोप जावा. भगताला डावलून गेलेले पथक पहिल्या फेरीत काम उरकते आणि दुसऱ्या फेरीत अडते.

गडचिरोलीत भामरागडकडे पर्लकोटेला पूर आला की रस्ताच तुटतो, म्हणून तेथील नियमित लसीकरणाचा हिशेब मे अखेरीपर्यंत पुरा करावा. पावसाळ्यातील बाळंतपणांची यादीही तेव्हाच काढून ठेवावी.

लुळा पडलेला हातपाय दिसला तर

फेरीत फिरताना आणखी एक नजर ठेवायची असते. १५ वर्षांखालील कोणत्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला असेल, तर ते त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्याला कळवावे. कारण पोलिओ नसेल असे वाटले, किंवा आता मूल बरे होऊन चालायला लागले असले, तरीही कळवावे. लुळेपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे असतात आणि ते थंड ठेवूनच प्रयोगशाळेत पाठवायचे असतात. महाराष्ट्रासाठी मुंबईत परळ येथे अशी प्रयोगशाळा आहे. फिरत्या टोळीत दुसरा नमुना राहण्याचा धोका मोठा, म्हणून पहिला नमुना घेताच मुकादमाचा आणि नातेवाइकाचा असे दोन फोन व पुढचा तळ लिहून घ्यावा. साठाव्या दिवसानंतर त्या मुलाची पुन्हा तपासणी असते, आणि तोपर्यंत ते मूल दुसऱ्या जिल्ह्यात पोचलेले असू शकते.

फेरी संपल्यानंतरचे काम

फेरीतले थेंब नियमित लसीकरणाची जागा घेत नाहीत, हे पालकांइतकेच आपल्याही लक्षात राहावे लागते. २५ एप्रिल २०१६ पासून देशात वापरात असलेली तोंडावाटेची लस पोलिओच्या प्रकार १ आणि ३ विरुद्ध आहे. प्रकार २ पासूनचे संरक्षण इंजेक्शनच्या लसीतूनच मिळते. ती सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला कातडीत दिली जाते, आणि १ जानेवारी २०२३ पासून नवव्या महिन्याला तिसरी मात्रा जोडली आहे. थेंबांच्या नियमित मात्रा जन्मतः, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला व पुढे सोळा ते चोवीस महिन्यांदरम्यान. कोपीवर भेटलेल्या प्रत्येक मुलाचे माता बाल संरक्षण कार्ड मागावे. कार्ड गावी राहिले असेल तर नवे द्यावे, आणि त्यावर आज काय दिले ते लिहावे. ‘कार्ड आणा, मग देऊ’ असे म्हणून कोणालाही परत पाठवू नये.

टोळ्या परतायच्या सुमारास कारखाना क्षेत्रातील आरोग्य केंद्राने आपली यादी मूळ तालुक्याकडे पाठवावी. यादीत कोणत्या मुलाला कोणती मात्रा दिली, कोणाची राहिली आणि कोणाचा जन्म कोपीवर झाला, हे वेगळे दाखवलेले असावे. कोपीवर जन्मलेल्या बाळाची नोंद दोन्ही गावांत राहिलेली असते, म्हणून त्याच्या नावाखाली रेघ मारावी. मूळ गावच्या सेविकेने एप्रिल-मेमध्ये त्या नावांवर सत्र लावावे. मुकादम पुष्कळदा दर हंगामाला बदलतो आणि त्याचा फोनही, त्यामुळे मागच्या वर्षीच्या वहीवर विसंबून न राहता, पुढची उचल वाटली जाऊ लागली की प्रत्येक घरी ‘यंदा कोणाच्या टोळीत?’ हे नव्याने विचारून यादी पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला घ्यावी.